'ग्राम्य', 'ग्रामीण' आणि 'गावंढळ' : एका दोषवाचक शब्दाची चिकित्सा

मराठी समीक्षेत 'ग्राम्य' हे विशेषण जितक्या सहजतेने योजले जाते तितक्या सहजतेने त्याचा अर्थ सांगता येत नाही. एखाद्या कथेतील शिवी ग्राम्य ठरते, लावणीतील शृंगार ग्राम्य ठरतो, वगातील विनोद ग्राम्य ठरतो, आणि कधी कधी तर शेतकरी पात्राच्या तोंडचा 'न्हाई' हा साधा नकारही त्याच शब्दाने बाजूला सारला जातो. या चारही ठिकाणी टीकाकाराला एकच गोष्ट खटकते आहे काय? पहिल्या ठिकाणी प्रश्न सभ्यतेचा आहे, दुसऱ्या ठिकाणी कामविषयाचा, तिसऱ्या ठिकाणी अभिरुचीचा, आणि चौथ्या ठिकाणी केवळ बोलीचा. हे सारे प्रश्न एका शब्दात कोंबले म्हणजे टीका सोपी होते हे खरे. पण मग ज्याच्या पदरी कोणताच दोष नाही अशा लेखकालाही त्या शब्दाचा फटका बसतो. खेड्यातून आलेल्या नव्या लेखकाच्या हस्तलिखितावर 'भाषा ग्राम्य' असा शेरा पडतो आणि तो आपले पुढचे लेखन उसन्या भाषेत करू लागतो. शेरा मारणाराला शिवी अभिप्रेत होती की बोली, हे त्याला अखेरपर्यंत कळत नाही. म्हणून या शब्दाच्या मुळाची चौकशी ही निव्वळ कोशकाराच्या कुतूहलाची बाब राहत नाही.

शब्दाची घडण सरळ आहे. पाणिनीने 'ग्राम' या नामापासून एकाच सूत्राने (४.२.९४) दोन प्रत्यय सांगितले आहेत. एकाने 'ग्राम्य' हे रूप सिद्ध होते, दुसऱ्याने 'ग्रामीण'. दोहोंचा अर्थ एकच : गावात जन्मलेला, गावात असणारा, गावाकडून आलेला. व्याकरणाच्या दृष्टीने वक्त्याने यांपैकी कोणतेही रूप घ्यावे. मराठीने मात्र ही जुळी भावंडे निरनिराळ्या घरी वाढवली. 'ग्रामीण रुग्णालय', 'ग्रामीण विकास', 'ग्रामीण कथा' या प्रयोगांत 'ग्रामीण'च्या जागी 'ग्राम्य' घालून पाहावे, म्हणजे दोहोंमधील अंतर कोश न उघडता कानालाच कळते. याहून मौजेची गोष्ट 'नगर' या शब्दाची आहे. त्यापासून 'नागरक' हे रूप निंदा किंवा प्रावीण्य यांपैकी एक अर्थ दाखवायचा असता होते, असे पाणिनीचे स्वतंत्र सूत्र (४.२.१२८) आहे, आणि काशिकावृत्तीने निंदेसाठी चोराचे उदाहरण घेतले आहे. शहराच्या नावातून निंदा निघते हे वैयाकरणाला सूत्रात नोंदवावे लागले. खेड्याच्या नावासाठी त्याने तशी नोंद केली नाही. तेव्हा 'ग्राम्य' शब्दातील निंदा प्रत्ययातून आलेली नाही, आणि ती 'ग्राम' या प्रकृतीतही नाही. ती कोठून आली, हे शोधण्यासाठी हा शब्द निरनिराळ्या काळी कोणत्या शब्दाच्या विरोधात उभा होता ते पाहावे लागते. विशेषणांचा अर्थ पुष्कळदा त्यांच्या प्रतिस्पर्ध्याकडून ठरत असतो.

'ग्राम' याचा जुना अर्थ समूह. ऋग्वेदात तो चालत्या टोळीसाठीही आला आहे, आणि अशा टोळ्या एकत्र भिडल्या म्हणजे 'संग्राम'. 'इंद्रियग्राम', 'गुणग्राम' या सामासिक शब्दांत आणि संगीतातील 'षड्जग्राम' या संज्ञेत हा समूहार्थ अद्याप जिवंत आहे. टोळी स्थिर झाली आणि तिच्या वस्तीला तेच नाव राहिले. या वस्तीच्या भोवती होते ते अरण्य. म्हणून वैदिक वाङ्मयात 'ग्राम्य'चा प्रतिस्पर्धी 'आरण्य' हा आहे. पुरुषसूक्तात पशूंची विभागणी याच दोन शब्दांनी केलेली असून, पुढे यज्ञग्रंथांत सात ग्राम्य पशू आणि सात आरण्य पशू अशी गणना येते. गाय, घोडा, मेंढी ही ग्राम्य. म्हणजे माणसाळलेली, उपयोगाची, यज्ञाला योग्य. या अवस्थेत 'ग्राम्य' याचा अर्थ आजच्या 'सुसंस्कृत' या शब्दाच्या जवळ जातो, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. रानटी तो आरण्य.

दुसरा प्रतिस्पर्धी घर सोडून निघालेल्या माणसाच्या रूपाने आला. श्रमणपरंपरेने गृहस्थाश्रमाचा सगळा व्यवहारच 'गावचा' ठरवला. पाली वाङ्मयात मैथुनाला 'गामधम्म' म्हटले आहे. बुद्धाच्या पहिल्या प्रवचनात कामसुखाच्या मागे लागणे हे ज्या विशेषणांनी वर्णिले आहे त्यांत 'गम्म', म्हणजेच 'ग्राम्य', हे एक आहे. संस्कृतातही 'ग्राम्यधर्म' हा शब्द त्याच अर्थी रूढ झाला. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, भिक्षूच्या दृष्टीने राजवाड्यातील विलासही तितकाच 'ग्राम्य' होता. त्याच्या लेखी राजधानी आणि खेडे यांत भेद नाही, दोन्ही वस्त्याच. 'ग्राम्य' या शब्दाला कामविषयाचा जो वास आजही येतो तो खेडुतांच्या फटकळ बोलण्यामुळे लागलेला नसून संसाराकडे पाठ फिरवलेल्या लोकांच्या परिभाषेतून लागलेला आहे. हे ध्यानात न घेतल्यामुळेच 'खेडवळ माणूस कामविषयक बोलणे उघड बोलतो, म्हणून ग्राम्य म्हणजे अश्लील' अशी सोयीस्कर उपपत्ती पुढे केली जाते.

या परिभाषेचे लोक आणि प्रत्यक्ष 'गाम' यांचा संबंध कसा होता हे पाहायला नाशिककरांना दूर जावे लागत नाही. पांडवलेण्यांतील प्राकृत लेखांत 'गाम' हा शब्द पुनःपुन्हा येतो, आणि तो एकदाही निंदेने आलेला नाही. चैत्यगृहाच्या (क्रमांक १८) दर्शनी भागावरील लहानशा लेखात नाशिककरांच्या धंभिक गावाचे दान नोंदलेले आहे. नाशिक हे नाव आणि गाम हा शब्द एकाच ओळीत शेजारी बसलेले तेथे दिसतात. त्याहून बोलका लेख गौतमीपुत्र सातकर्णीच्या चोविसाव्या राज्यवर्षातला आहे. कखडी गावातील जे शेत भिक्षूंना पूर्वी दिले होते ते कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातून शंभर निवर्तने जमीन त्यांना द्यावी, अशी ती आज्ञा आहे. एकाच लेखात 'गाम' आणि 'नगर' हे दोन्ही शब्द आहेत, आणि दोन्ही निव्वळ जमिनीचा ठिकाणा सांगतात. कर वसूल करणाराला व शेताची मोजणी करणाराला गाव हलके वाटत नाही. ते वसलेले आहे की ओसाड, एवढाच त्याचा प्रश्न असतो. जाता जाता हेही सांगण्याजोगे आहे की, उषवदाताने आपल्या देणग्या निगमसभेत जाहीर करवून फलकावर नोंदवल्याचा उल्लेख याच लेण्यांत आहे. 'सभ्य' म्हणजे सभेत बसण्यास योग्य तो, आणि 'असभ्य' म्हणजे सभेपुढे मांडता येणार नाही ते. तेव्हा सभ्यतेची कसोटी मुळात सार्वजनिकतेची आहे. तिचा शहराशी नियत संबंध नाही.

तिसरा आणि सर्वांत बलवान प्रतिस्पर्धी म्हणजे 'नागर'. कामसूत्रातील नागरक हा केवळ नगरात राहणारा मनुष्य नव्हे. तो एका राहणीचा प्रतिनिधी आहे. खेड्यात राहणाऱ्यानेही ती राहणी उचलावी असे वात्स्यायन सांगतो, यावरूनच नागरकता ही पत्त्यावर अवलंबून नव्हती हे उघड होते. साहित्यशास्त्राने हीच कल्पना काव्याला लावली. दंडीच्या काव्यादर्शात या विषयाचे जे विवेचन आहे ते आजच्या समीक्षकाने पुन्हा वाचावे अशा योग्यतेचे आहे. तो म्हणतो की, काव्यात रस भरण्याचा भार मुख्यतः अग्राम्यतेवर असतो, आणि उदाहरण देतो ते एका प्रियकराच्या बोलण्याचे. 'मुली, मी तुझी इच्छा करतो, मग तू माझी का करत नाहीस?' अशा आशयाचे ते बोलणे दंडीला ग्राम्य वाटते. लगेच तोच आशय, मदन आपल्यावर निर्दय झाला आहे पण सुदैवाने तुझ्याशी त्याचे वैर नाही, अशा वळणाने मांडला असता अग्राम्य व रसावह होतो असे तो दाखवतो. पहिल्या वाक्यात एकही गलिच्छ शब्द नाही. त्याचे व्याकरण शुद्ध आहे, भाषा संस्कृत आहे, बोलणारा खेडूत असल्याची कोणतीही खूण नाही. दोष आहे तो आशय उघडा टाकण्याचा. ऐकणाऱ्याच्या मनाला काही करायला शिल्लकच ठेवलेले नाही, हा तो दोष.

या कसोटीवर गाथासप्तशतीतील एक गाथा ठेवून पाहण्यासारखी आहे. प्राकृत बोलणारी एक स्त्री एका धार्मिक माणसाला सांगते की, आता खुशाल हिंडा, तुम्हांला त्रास देणारा कुत्रा गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारला. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाचे नाव ऐकून त्या झाडीकडे फिरकणार नाही, आणि तिचे संकेतस्थळ मोकळे राहील, हे यातील इंगित. गोदेचा कोणता काठ, हे गाथा सांगत नाही. पण विषय चोरट्या भेटीचा, स्थळ नदीकाठचे रान, भाषा लोकांची. आजच्या शेऱ्यांच्या मापाने ही रचना तिन्ही बाजूंनी 'ग्राम्य' ठरली असती. आनंदवर्धनाने तिलाच ध्वनीचे उदाहरण म्हणून निवडले, आणि पुढे शतकानुशतके संस्कृत पंडित या प्राकृत बाईच्या वाक्याचा अर्थ लावत बसले. विषय, स्थळ किंवा बोली यांतून ग्राम्यता येत नाही, ती उक्तीच्या प्रकारातून येते, याला याहून चांगला पुरावा मिळणे कठीण आहे.

पुढे या संज्ञेचा संकोच झाला, आणि तो हितावह होता असे म्हणता येत नाही. वामनाने केवळ लोकांत वापरला जाणारा, शास्त्रात किंवा काव्यात न आढळणारा शब्द तो ग्राम्य, अशी व्याख्या केली. मम्मटाने काव्यप्रकाशाच्या सातव्या उल्लासात तीच स्वीकारली व उदाहरण म्हणून 'कटि' हा शब्द दिला. मराठी वाचकाला हे वाचून हसू आल्याशिवाय राहणार नाही. आज 'कटिबद्ध', 'कटिवस्त्र', 'कटिप्रदेश' हे शब्द मराठीत उच्चभ्रू वळणाचे मानले जातात. साध्या माणसाला 'कंबर' पुरते. अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्याला जो शब्द बाजारी वाटला तो आज मराठीत भाषणाचा अलंकार झाला आहे. शब्दाची ग्राम्यता ही त्याच्या अंगची वस्तू नसून तो कोणाच्या तोंडी आहे यावर ठरणारी, आणि म्हणून काळानुसार उलटीही होणारी बाब आहे, हे यावरून दिसते. मम्मटालाही याची जाणीव होती. हलक्या प्रकृतीच्या पात्राच्या बोलण्यात ग्राम्यता हा गुण ठरतो, असे त्याने स्पष्ट म्हटले आहे. या सवलतीतील 'हलक्या प्रकृतीचे पात्र' ही कल्पना आज मान्य करता येणार नाही. परंतु पात्राच्या भाषेचा दोष लेखकाच्या माथी मारू नये हा तिच्यातला विवेक आजही सर्वांना साधलेला नाही.

याच दोषप्रकरणात मम्मटाने 'अश्लील' हा दोष ग्राम्यापासून वेगळा मांडला आहे. या शब्दाचे मूळ 'श्री'मध्ये आहे. ऋग्वेदात 'अश्रीर' हे विशेषण कांतिहीन, अभद्र या अर्थाने येते. गाईंच्या सूक्तात गाई अशा अश्रीरालाही देखणे करतात असे म्हटले आहे. 'र'चा 'ल' होऊन 'अश्लील' झाला. म्हणजे मुळात हा शब्द निर्लज्जतेचा नसून शोभाहीनतेचा व अमंगलाचा आहे. साहित्यशास्त्रात अश्लीलाचे तीन प्रकार सांगतात : लाज आणणारे, किळस आणणारे आणि अशुभ सुचवणारे. यांतला तिसरा प्रकार म्हणजे त्या जुन्या अर्थाचा अवशेष होय. आजच्या मराठीने पहिला तेवढा ठेवला आणि उरलेले दोन विसरले. विसाव्या शतकातील न्यायालयांनाही हा भेद नव्याने करावा लागला. समरेश बसू यांच्या 'प्रजापति' या बंगाली कादंबरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली असे स्पष्ट केले की, लेखन हिणकस अभिरुचीचे असले म्हणजे ते अश्लील असतेच असे नाही. दोन दोषांना दोन नावे असावीत हा साहित्यशास्त्राचा आग्रह कायद्याने अशा रीतीने उशिरा का होईना मान्य केला. मराठी समीक्षेत मात्र ही दोन्ही विशेषणे अजून जोडीने येतात, जणू एक दुसऱ्याचा पर्याय आहे.

आता तत्समांकडून मराठीच्या घरच्या शब्दांकडे वळावे. 'ग्राम'चे प्राकृतात 'गाम' झाले आणि मराठीत मकार मवाळ होऊन 'गाव'. या शब्दाची प्रकृती तपासली असता असे दिसते की, त्यात निंदा कधी शिरलीच नाही. मराठीत 'गाव' हा 'शहर'चा विरोधी शब्दच नाही. तो दोहोंना पोटात घेतो. 'तुमचे गाव कोणते?' या प्रश्नाला 'नाशिक' हे उत्तर देताना कोणाला कमीपणा वाटत नाही, आणि उपनगरांत राहणारा नाशिककर जुन्या पेठांकडे निघाला म्हणजे 'गावात जाऊन येतो' असेच म्हणतो. शहराचा सर्वांत जुना, सर्वांत दाट भाग तो त्याचे 'गाव'. गावकरी, गावकी, गावकूस, गावठाण, गावशीव, गावजेवण, गावगाडा हे सारे व्यवहाराचे शब्द आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथाला 'गाव-गाडा' हे नाव दिले तेव्हा आणि नाशिकच्या एका दैनिकाने 'गांवकरी' हे नाव धारण केले तेव्हा कोणालाही त्यात हिणकसपणा दिसला नाही. उद्या कोणी 'ग्राम्य' नावाचे दैनिक काढले तर ते किती दिवस चालेल याचा तर्क करावा.

ज्या भाषेत 'गाव' इतका निर्मळ राहिला तिला गावाच्या नावाने निंदा करायची झाली तर वेगळी सामग्री आणावी लागणार. ती 'गावंढळ' या शब्दात सापडते. याची फोड पुष्कळजण 'गाव' आणि 'ढळणे' अशी करतात. ती कानाला पटणारी असली तरी रूपाला पटत नाही. 'गावंढे' किंवा 'गावढे' हे विशेषण मराठीत स्वतंत्रपणे आहे, आणि 'गावंढ्या गावात गाढवी सवाशीण' ही म्हण त्याचा अर्थ नेमका दाखवते. गावंढे याचा अर्थ निव्वळ 'गावचे' असा असता तर 'गावंढे गाव' ही द्विरुक्ती झाली असती. अर्थ आहे तो आडबाजूचे, लहानसे, जेथे मान देण्याजोगी माणसे मिळत नाहीत असे गाव. म्हणजे काही गावे गावंढी असतात आणि पुष्कळशी नसतात. या रूपात 'गाव'ला जोडलेला प्रत्यय अपभ्रंशातील स्वार्थिक 'ड' या घराण्यातील असावा. आतडे, कातडे, चामडे, बापुडे या शब्दांत तो आहे, आणि गुजरातीत 'गामडुं' म्हणजे खेडे व 'गामडियो' म्हणजे खेडवळ ही रूपे त्याची साक्ष देतात. लहानपणा दाखवता दाखवता हलकेपणा दाखवणे हा अशा प्रत्ययांचा सर्वत्र आढळणारा स्वभाव आहे. मग त्यावर 'ळ' बसला. खट्याळ, मवाळ, ओंगळ, ढिसाळ या पंक्तीत 'गावंढळ' सहज बसतो.

एक शंका उरते. गुजरातीत 'ड' आहे, मराठीत 'ढ' कसा? या महाप्राणाला कोणताही सर्वसाधारण ध्वनिनियम लावता येत नाही. येथे ध्वनीचे भावमूल्य विचारात घ्यावे लागते असे दिसते. मराठी कानाला 'ढ' हा मंद, बोजड, बेडौल वस्तूंचा वर्ण आहे. ढोबळ, ढगळ, ढिम्म, ढब्बू ही विशेषणे पाहावीत. आणि ज्या मुलाला काही येत नाही त्याला तर मराठी शाळेने नुसते ते अक्षरच बहाल केले आहे. निंदेच्या शब्दात निंदेचा वर्ण शिरावा हे भाषेच्या व्यवहाराला धरूनच आहे. महत्त्वाचे ते असे की, 'गावंढळ' शब्दातील तिरस्कार 'गाव' या घटकात नाही. तो 'ढ'मध्ये आहे, प्रत्ययात आहे. बोलणारा मराठी माणूस गावाला नावे न ठेवता गावंढळपणाला नावे ठेवू शकतो, आणि खुद्द खेड्यातला माणूसही शेजारच्या माणसाला बिनदिक्कत 'गावंढळ' म्हणतो. 'ग्राम्य' शब्दाने मात्र ही सोय राहत नाही, कारण तेथे निंदा थेट गावाच्या नावावरच लादलेली आहे.

शेजारच्या दोनतीन शब्दांचा उल्लेख येथे आवश्यक आहे. 'रांगडा' हा शब्द माळव्यातील रजपुतांच्या 'रांगडी' बोलीच्या नावाशी जोडला जातो. परक्या मुलखातील धिप्पाड माणसाचे नाव प्रथम आडदांडपणाचे विशेषण झाले आणि आता 'रांगडी भाषा', 'रांगडा नायक' अशा प्रयोगांत ते कौतुकाने मिरवते. 'गावठी' अजून दोन डगरींवर आहे. गावठी अंडी महाग आणि गावठी दारू बेकायदा. 'गावरान'ने तर खाद्यगृहांच्या पाट्यांवर स्वतःची प्रतिष्ठा कमावली आहे. बोलीतील शब्द असे वर-खाली होत राहतात, कारण त्यांचे भाव रोज नव्याने ठरतात. 'ग्राम्य'चा भाव मात्र ग्रंथांतून एकदा ठरून आला आणि तेथेच थांबला.

मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळी ही विषमता नव्हती याचे एक उदाहरण ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायात आहे. तेथे ज्ञानदेवांनी 'नागरपण' हा गुण 'देशी'च्या, म्हणजे मराठीच्या, पदरी घातला आहे. संस्कृत ही नागर व देशी ही ग्राम्य, ही वाटणीच त्यांनी मोडून टाकली. ज्यांच्या गुरूंची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे, त्या कवीने नागरतेची सूत्रे नगराकडून काढून बोलीच्या हाती द्यावीत ही घटना मराठी समीक्षेने आपल्या परिभाषेचा पाया म्हणून स्वीकारायला हवी होती. तसे झाले नाही. एकोणिसाव्या शतकात वाङ्मयीन अभिरुचीची नवी घडी बसू लागली तेव्हा संस्कृत दोषप्रकरणातील 'ग्राम्य' आणि इंग्रजी शिक्षणातून आलेला 'व्हल्गर' यांची गाठ पडली. लॅटिनमध्ये 'व्हल्गस' म्हणजे सामान्य लोक. त्या शब्दाचा प्रवासही लोकांकडून हिणकसपणाकडे झालेला होता. दोन प्रवाह एकत्र आले आणि 'ग्राम्य' हा शब्द दुप्पट जड झाला.

त्याचा पहिला मोठा आघात लावणीवर झाला. लावणी ग्राम्य, हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की त्यातील भौगोलिक चूक कोणाच्या लक्षात येत नाही. होनाजी पुण्याचा. रामजोशी सोलापूरचा, संस्कृताचा संस्कार लाभलेला, आणि पेशव्यांच्या दरबारी नावाजलेला. उत्तर पेशवाईतील शृंगारिक लावणीचा मोठा आश्रय शहरात होता, वाड्यांत होता. याउलट नाशिक जिल्ह्यातील सिन्नरजवळच्या वावी गावचा, व्यवसायाने शिंपी असलेला शाहीर परशराम हा खराखुरा 'ग्राम'वासी. त्याच्या रचनेत शृंगाराइतकेच अध्यात्माला व लोकव्यवहाराला स्थान आहे. पत्त्यावरून ग्राम्यता ठरवायची तर निकाल उलटा लागतो. लावणीत दोष नाहीत असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. पुष्कळ लावण्या दंडीच्या कसोटीवर खरोखरच ग्राम्य ठरतील, कारण त्या सर्व काही सांगून मोकळ्या होतात. पण तो दोष एकेका रचनेपुरता दाखवून द्यावा लागतो. संपूर्ण प्रकारावर शिक्का मारल्याने टीकाकाराचे वाचण्याचे कष्ट तेवढे वाचतात.

'ग्रामीण साहित्य' ही संज्ञा रूढ झाली तेव्हा तिच्यामागे हीच अडचण होती. त्यापूर्वी कवींनी 'जानपद गीते' म्हणून पाहिले. 'जानपद' शब्दात निंदा नव्हती, पण तो लोकांच्या जिभेवर बसला नाही. अखेर पाणिनीने दिलेले दुसरे भावंड कामी आले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) आणि 'बनगरवाडी' (१९५५) या पुस्तकांनी त्या संज्ञेला आशय पुरवला, आणि उघडेपणा टाळून सांगणे म्हणजे काय याचा वस्तुपाठही दिला. माणदेशाच्या बोलीत वावरणारी ही गद्यशैली संयमाच्या बाबतीत त्या काळातील कित्येक शहरी कादंबऱ्यांहून अधिक 'नागर' आहे. असे असूनही 'ग्रामीण' हा शब्द विषयापुरता ठेवून 'ग्राम्य' हा भाषेपुरता राखून ठेवण्याची पद्धत चालू राहिली. विषय ग्रामीण असला तर चालेल, भाषा ग्राम्य नसावी, अशी ती अट. तिचा व्यवहारातील अर्थ एवढाच की, शेतकऱ्याने कथेत यावे पण आपली बोली वेशीबाहेर ठेवून यावे.

अट किती फोल आहे हे दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहता येईल. एका कथेतील शेतकरीण रात्री नवऱ्याला म्हणते, 'दिवा मालवू नगा, वातीला त्याल हाय अजून.' दुसऱ्या कथेतील सुशिक्षित नायक म्हणतो, 'मला तुझ्या शारीरिक सहवासाची तीव्र आवश्यकता भासत आहे.' पहिल्या वाक्यात तीन रूपे प्रमाणभाषेबाहेरची आहेत. दुसऱ्यात एकही नाही. दंडीने यांपैकी कोणते वाक्य ग्राम्य ठरवले असते याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

या परिभाषेची खरी कसोटी १९६० नंतरच्या लेखनाने घेतली. बाबूराव बागूल यांचा जन्म १९३० साली नाशिकजवळच्या विहितगावचा. त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली आणि 'मरण स्वस्त होत आहे' हा १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील अनेक कथांची भूमी मुंबईच्या झोपडवस्त्या ही आहे. तेथील शिवी, तेथील भूक, तेथील देहविक्रय हे महानगराचे उत्पादन होय. त्यात 'ग्राम' कोठेच नाही. अशा भाषेला 'ग्राम्य' म्हणणे म्हणजे देशातील सर्वांत मोठ्या नगरांपैकी एकाच्या कर्तृत्वाचे श्रेय कोणत्या तरी खेड्याच्या नावावर मांडणे होय. (विहितगावही पुढे नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीत आले, तेव्हा जन्मगावाच्या आधाराने तरी हा शब्द टिकावा, तीही सोय उरलेली नाही.) या कथांविषयी वाचकाला जी अस्वस्थता वाटते तिला जुन्या शास्त्रात नाव आहे, परंतु ते 'ग्राम्य' हे नव्हे. किळस आणणारे आणि अमंगल सुचवणारे असे जे अश्लीलाचे विसरलेले दोन प्रकार, त्यांच्याशी तिचे नाते आहे. मम्मटाने अश्लीलाचाही अपवाद सांगितला आहे. जेथे वैराग्य उत्पन्न करण्याचा हेतू असतो तेथे देहाची किळस आणणारे वर्णन दोष न राहता गुण होते. बागुलांना वैराग्य उत्पन्न करायचे नव्हते, संताप उत्पन्न करायचा होता. आणि संतापासाठी आणलेली किळस गुण ठरते की दोष, कोणत्या कथेत ठरते आणि कोणत्या कथेत ठरत नाही, या प्रश्नाला समीक्षकाने कथा उघडून उत्तर द्यायचे आहे.